साक्षीचं समन्स आलं तर काय करावं

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या वादातून कुणाचं डोकं फुटलं, तुम्ही बाजूच्या वावरात डवरणी करत होता आणि पोलिसांनी तुमचा जबाब घेतला. पुढे काही वर्षं सगळं शांत. मग ऐन कापूस वेचणीत समन्स दारात येतं. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: केस जिंकून द्यायची जबाबदारी तुमची नाही. जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, तेवढंच सांगायचं.

जबाब आणि पंचनामा

बाई, 15 वर्षांखालचा मुलगा, साठी ओलांडलेला पुरुष, अपंग किंवा फार आजारी माणूस यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं. तपासातल्या या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. पंचनाम्याचं वेगळं. तिथे पंच म्हणून सही लागतेच, म्हणून जागेवर हजर राहून, वाचून मगच करा. कोऱ्या कागदावर सही देऊन चहा पिऊन परतणारे पंच गावोगाव आहेत. उलटतपासणीत घाम त्यांनाच फुटतो.

समन्स हाती पडल्यावर

तारीख, कोर्ट आणि खटला क्रमांक नीट पाहा. न सांगता गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. आजारी असाल तर डॉक्टरचा दाखला जोडून सरकारी वकिलामार्फत आधीच अर्ज द्या.

खरा त्रास गावातच सुरू होतो. पारावर कुणीतरी म्हणतंच, "त्याहीचं मिटलं नं, तू कायले मधात पडतं?" काही गुन्हे तडजोडीने मिटतात, पण ती तडजोड जखमी आणि आरोपी यांनी कोर्टासमोर करायची असते. साक्षीदाराने फितूर होणं ही तडजोड नव्हे. शपथेवर मुद्दाम खोटं सांगितलं तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि खोटी साक्ष द्यायला धमकावणाऱ्यालाही तेवढीच. धमकी आली तर ठाण्यात तक्रार द्या, सरकारी वकिलाला सांगा आणि साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेल्या या योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती संरक्षणाचा निर्णय घेते.

आरोपीच्या नातेवाइकांच्या गाडीत बसून कोर्टात येऊ नका. फिर्यादीच्याही नको. एस.टी. बरी.

पिंजऱ्यात

पुकारा होईपर्यंत बाहेर थांबा. दुसऱ्याची साक्ष ऐकत आत बसू नका. मोबाइल बंद ठेवा. जबाब पाठ करून येऊ नका, पाठ केलेलं लगेच कळतं. बोली वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीतच बोला. लिहून घेतलं जात असतं, म्हणून सावकाश बोला.

सरतपासणी, म्हणजे पहिली विचारपूस, सरकारी वकील घेतात, ती सहसा सरळ जाते. उलटतपासणीत आरोपीचे वकील विचारतील, "तुम्ही किती फुटांवर होता?" टेप घेऊन कुणी उभं नव्हतं, तेव्हा आकडा फेकू नका. "इथून त्या दारापर्यंत असेल," असं दाखवा. वेळेचंही तसंच: घड्याळ पाहिलं नसेल तर "शेवटची एस.टी. गेल्यावर" हे उत्तर चालतं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, पण अडचणीच्या प्रत्येक प्रश्नाला ती ढाल करू नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती अशा प्रश्नात: "तुम्ही तिथे नव्हता, हे म्हणणं खरं आहे ना?" नुसतं "नाही" म्हटलं तर त्याचे दोन अर्थ निघतात. पूर्ण वाक्य बोला: "मी तिथे होतो." कुणी साक्ष शिकवली का, वकिलांना भेटलात का, असंही विचारतात. भेटला असाल तर "हो" म्हणा, वकिलाला भेटणं हा गुन्हा नाही. उत्तर न्यायाधीशांकडे पाहून द्या. वकील चिडवतील, तुम्ही चिडू नका. प्रश्न अपमान करणारा असेल तर न्यायाधीश तो थांबवू शकतात.

सही करण्याआधी

साक्ष लिहून झाली की वाचून दाखवायला सांगा. चूक दिसली तर तिथेच, सहीआधी बोला. मग प्रवासखर्चाचा साक्षीदार भत्ता मागा. कोर्ट वाजवी खर्च मंजूर करू शकतं, म्हणून येतानाचं तिकीट फेकू नका. साक्ष अर्धवट राहिली तर पुढची तारीख लिहून घेऊनच निघा आणि तोवर त्या साक्षीबद्दल कुणाशी चर्चा करू नका, घरीसुद्धा.