जर-तर उलटवताना फसू नये म्हणून

मागच्या महिन्यात सकाळी चहाला शेगडी पेटेना. सिलिंडर संपला असं ठरवून भरलेला ओढत आणला, जुन्याचा रेग्युलेटर काढायला वाकलो, तर तो बंदच होता. रात्री झोपताना मीच केला होता. डोक्यातलं वाक्य तसं बरोबर होतं: 'सिलिंडर संपला, तर शेगडी पेटत नाही.' मी ते मागून पुढे वाचलं.

हे टाळायचं तर आधी वाक्य सुटं करा. 'जर'चा भाग पूर्वांग, 'तर'चा भाग उत्तरांग. शाळेच्या भूमितीत हे शब्द येतात. बोलताना आपण 'जर' बहुधा गाळतोच, कधी 'तर'ही: 'सिलिंडर संपला की शेगडी विझते.' कागदावर मात्र अख्खं जर-तर लिहा.

मग त्याच दोन तुकड्यांची आणखी तीन वाक्यं करा:

१. अदलाबदल, म्हणजे व्यत्यास: शेगडी पेटत नसेल, तर सिलिंडर संपलाय.
२. जागा त्याच, दोन्हींना नकार: सिलिंडर संपला नसेल, तर शेगडी पेटते.
३. अदलाबदल आणि नकारही: शेगडी पेटत असेल, तर सिलिंडर संपलेला नाही.

आता एकेकाला खोटं पाडून बघा. एक उलट उदाहरण सापडलं की पुरे. माझा बंद रेग्युलेटर पहिल्या दोघांना एकदमच आडवं करतो, कारण ती दोन्ही एकच गोष्ट सांगतात. तिसरं मूळ वाक्याचंच दुसरं रूप आहे. मूळ खरं असेल तर तेही खरं.

व्यत्यास नेहमी खोटाच निघतो असं नाही. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास खरा आहे. पण यूक्लिड या ग्रीक गणितज्ञाने आपल्या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात प्रमेय ४७ व्या विधानात सिद्ध केल्यावर व्यत्यासासाठी ४८ वं विधान वेगळं लिहिलं. मुलांना हे दोन्ही एकाच दमात पाठ करायला लावतात, ते मला पटत नाही.

नकार देताना जरा जपून. 'सगळे पास झाले' याचा नकार 'सगळे नापास' नव्हे, 'निदान एक तरी नापास'.

आणि मराठीतला सगळ्यात फसवा शब्द, 'तरच'. 'तिकीट असेल तरच आत सोडतात' म्हणजे आत सोडलेल्याकडे तिकीट होतं. तिकीट असलं म्हणजे सोडतीलच, असं नव्हे; उशिरा पोचलात तर दार बंदही मिळेल. एका 'च'मुळे पूर्वांग आणि उत्तरांग जागा बदलतात.

जमलं का ते बघायला ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचं १९६६ चं कोडं घ्या. टेबलावर चार पत्ते: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम: एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या. नियम पाळलाय का हे तपासायला कोणते पत्ते उलटवाल?

बहुतेकांचा हात अ आणि ४ कडे जातो. ४ मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही. उलटवायचे अ आणि ७. ७ मागे स्वर निघाला तर नियम गेला. हाच प्रश्न १९८२ मध्ये अमेरिकेत वेगळ्या वेशात विचारला: बिअर पीत असेल, तर वय १९ च्या वर हवं. पत्त्यांवर बिअर, कोक, १६, २२. तेव्हा बिअर आणि १६ हे बहुतेकांनी पटकन उचलले.