डोळ्यांनी ड्रोन उडवायचा प्रोजेक्ट घेताय? मग आधी हे वाचा

पहिल्यांदा सगळ्यांच्या डोक्यात हेच येतं की डावीकडे बघितलं की ड्रोन डावीकडे, वर बघितलं की वर. करून बघा, लगेच कळेल की डोळा म्हणजे जॉयस्टिक नाही. तो एका जागी साधारण 200-300 मिलिसेकंद टिकतो की लगेच दुसरीकडे उडी, आणि आपल्याला पत्ताच नसतो. त्यात भिंत जवळ आली की तुम्ही घाबरून भिंतीकडेच बघणार आणि ड्रोनपण नेमका तिकडेच जाणार :) नजर पडेल ते सिलेक्ट होतं, या भानगडीला मायडास टच म्हणतात, संशोधक रॉबर्ट जेकबने 1990 मध्येच यावर लिहून ठेवलंय.

म्हणून माझं सरळ मत, नजरेकडून फक्त "कुठे" घ्यायचं, "कसं" ते ऑटोपायलटने बघावं. 2019 च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी वगैरेंच्या टीमने आय ट्रॅकिंगचा चष्मा घालून असंच केलं, बघाल तिकडे ड्रोन आपला आपण जातो.

सुरुवातीला महागडा ट्रॅकर अजिबात घेऊ नका. वेबकॅम आणि मीडियापाइप (गुगलची चेहरा-डोळे ओळखणारी फुकट लायब्ररी) पुरे, बुबुळाचे पॉइंट्स आयते मिळतात. अचूकता यथातथाच असते, त्यामुळे स्क्रीनचे चार-पाच मोठे भाग करा, मधला भाग "काही करू नको" वाला ठेवा, आणि नजर पाऊण सेकंदभर टिकली तरच कमांड. नजरेचा कर्सर थरथरतो त्याला वन युरो फिल्टर लावा (नजर स्थिर असताना थरथर जास्त दाबतो, वेगाने हलली की कमी), साधी सरासरी घेतली तर थरथर जाते पण सगळं उशिरा पोचतं. पापणी मिटण्याला कमांड देऊ नका प्लीज, ती दिवसभर मिटतच असते. डोकं हललं किंवा लाईट बदलला की कॅलिब्रेशन (नजर आणि स्क्रीन जुळवणं) परत, त्याला इलाज नाही.

टेलो (कोडने उडवता येणारा छोटा ड्रोन) वापरणार असाल तर एक गोष्ट नीट बघा. त्याच्या आरसी, म्हणजे रिमोटसारखा वेग देणाऱ्या, कमांडमध्ये -100 ते 100 असे चार आकडे जातात (डावं-उजवं, पुढे-मागे, वर-खाली आणि वळणं) आणि नवीन कमांड येईपर्यंत शेवटचाच वेग चालू राहतो, म्हणजे कॅमेऱ्याला चेहरा दिसेनासा झाला आणि तुमचा कोड नुसता गप्प बसला तरी ड्रोन आपला चाललाय पुढे, 15 सेकंद काहीच कमांड आली नाही तर मग स्वतःहून उतरतो पण तोवर भिंत आलेली असते. चेहरा गेला की चारही शून्य पाठवायचे, आणि लँडिंगचं बटण शेजारच्या मित्राच्या हातात.

हो, आणि कच्ची नजर, फिल्टर झालेली नजर, गेलेली कमांड, तिन्ही वेळेसकट सीएसव्हीत (साध्या टेबलच्या फाईलमध्ये) टाकत चला. व्हायवाला "उशीर नक्की कुठे होतोय" हा प्रश्न हमखास येतो.