लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये नव्या कार्डाचा आधार कसा जोडावा

एखादे नवे नेटवर्क कार्ड लिनक्सवर चालत नाही, म्हणजे त्यासाठी नवा ड्रायव्हरच (कार्ड चालवणारा प्रोग्राम) लिहावा लागेल असे नाही. पुष्कळदा त्या कार्डावरील चिप जुन्याच घराण्यातली असते आणि ड्रायव्हरला फक्त तिचा ओळखक्रमांक ठाऊक नसतो. तो क्रमांक जोडणे हे एका ओळीचे काम आहे. पण ती ओळ लिहिणारा ‘ही चिप जुन्या चिपसारखीच वागते’ याची हमी देत असतो, आणि मेहनत लागते ती ही हमी खरी ठरवण्यात.

सुरुवात ‘एलएसपीसीआय -एनएनके’ या, संगणकातील पीसीआय उपकरणांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने करावी. पीसीआय म्हणजे अशी कार्डे संगणकाला जोडण्याची प्रमाणित पद्धत. प्रत्येक पीसीआय उपकरणाला निर्मात्याचा आणि उपकरणाचा असे दोन १६-बिटी क्रमांक असतात. उदाहरणार्थ, इंटेलचा निर्माता क्रमांक ८०८६, तर रिअलटेकचा १०ईसी. कार्डाच्या नोंदीखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव दिसत नसेल, तर कोणत्याही ड्रायव्हरने ते कार्ड ताब्यात घेतलेले नाही असे समजावे. मात्र नाव दिसत असूनही कार्ड चालत नसेल, तर दोष ओळखक्रमांकात नाही. अशा वेळी ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणारे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश वाचावेत, कारण फर्मवेअरची (कार्डात भरायच्या अंतर्गत प्रोग्रामची) फाइल सापडली नाही एवढेच कारण असू शकते.

स्रोतसंहितेला हात लावण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करून पाहावा. चालू कर्नलच्या सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) प्रत्येक पीसीआय ड्रायव्हरच्या निर्देशिकेत ‘न्यू_आयडी’ नावाची फाइल असते. तिच्यात रूट (सर्वाधिकारी) वापरकर्ता म्हणून दोन्ही क्रमांक लिहिले, की ड्रायव्हर ते कार्ड लगेच हाताळून पाहतो. येथे एक खाचखळगा आहे. अनेक ड्रायव्हर ओळखक्रमांकांच्या आपल्या तक्त्यातील ‘ड्रायव्हर_डेटा’ या रकान्यावरून चिपचा उपप्रकार ठरवतात, आणि आपण ते मूल्य दिले नाही तर ते शून्य धरले जाते. त्यामुळे कार्ड चुकीच्या उपप्रकाराचे समजले जाऊन प्रयोग फसतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट यशस्वी होतो.

प्रयोग जमला, तर ड्रायव्हरच्या फाइलमधील ‘पीसीआय_डिव्हाइस_आयडी’ तक्त्यात जवळच्या नोंदीशेजारी नवी ओळ घालावी. हाच तक्ता ‘मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल’ या मॅक्रोमार्फत मॉड्यूलच्या (कर्नलमध्ये हवा तेव्हा चढवता येणाऱ्या ड्रायव्हरच्या) माहितीत उतरतो, म्हणूनच कार्ड दिसताच योग्य मॉड्यूल आपोआप चढवता येते. क्रमांक एकाच ड्रायव्हरला लागणार असेल, तर तो ‘पीसीआय_आयडीज’ या सामाईक हेडर फाइलमध्ये घालू नये. ती फाइल अनेक ड्रायव्हरना लागणाऱ्या क्रमांकांसाठी आहे.

ओळखक्रमांक जुळला म्हणून चिप तीच, असे मात्र गृहीत धरू नये. ‘आर८१६९’ या ड्रायव्हरचे उदाहरण बोलके आहे: एकाच पीसीआय क्रमांकाखाली रिअलटेकच्या चिपच्या अनेक आवृत्त्या येत असल्याने तो ड्रायव्हर हार्डवेअर रजिस्टरमधून (चिपमधील छोट्या साठवण-कप्प्यातून) ‘एक्सआयडी’ हा आवृत्तीचा क्रमांक वाचून नेमकी आवृत्ती ओळखतो, आणि ती अपरिचित निघाली तर कार्ड स्वीकारत नाही. अशा ठिकाणी तक्त्यातील ओळ पुरत नाही. नव्या आवृत्तीची सुरुवातीची जुळवणीही लिहावी लागते. इथेर्नेटच्या पीएचवाय चिपची (केबलवरील प्रत्यक्ष संकेत हाताळणाऱ्या भागाची) ओळखही वेगळीच असते. ती तिच्या रजिस्टर २ आणि ३ मध्ये साठवलेली असते.

चाचणी घेताना ‘पिंग चालले’ एवढ्यावर थांबू नये. ‘आयपर्फ३’ या वेग मोजणाऱ्या साधनाने दोन्ही दिशांना दीर्घकाळ माहिती पाठवावी, ‘इथटूल -एस’मधील (येथे मोठा एस) त्रुटींचे आकडे आधी आणि नंतर नोंदवावेत, केबल काढून पुन्हा लावावी, मॉड्यूल उतरवून चढवावे आणि संगणक निद्रावस्थेत नेऊन जागा करावा. बारीक फरक असलेली चिप माझ्या मते या शेवटच्या कसोटीतच सर्वांत आधी उघडी पडते. चेकसमसारखी (माहिती शाबूत आहे का हे तपासणारी) कामे कार्डाकडे सोपवलेली असताना पॅकेट खराब होत असतील, तर ‘इथटूल -के’मध्ये मोठा के वापरून ती सोय बंद करावी व फरक पाहावा.

मग पॅच (कर्नलमध्ये घ्यायच्या बदलाची फाइल) तयार करावा. वर्णनात कार्डाचे नाव, ‘एलएसपीसीआय’ची नोंद आणि केलेल्या चाचण्या लिहाव्यात, शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची (हा बदल देण्याचा आपल्याला हक्क आहे असे सांगणारी) ओळ द्यावी, शैलीसाठी ‘चेकपॅच’ चालवावे आणि पॅच कोणाला पाठवायचा हे ‘गेट_मेंटेनर’ या स्क्रिप्टवरून ठरवावे. नवी वैशिष्ट्ये ‘नेट-नेक्स्ट’ शाखेत जातात आणि सुमारे दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोच्या (मुख्य कर्नलमध्ये नवे बदल घेतले जातात त्या) काळात ती शाखा बंद असते. केवळ ओळखक्रमांक जोडणाऱ्या बदलाला मात्र कर्नलच्या स्थिर आवृत्त्यांतही जागा मिळू शकते. त्यांच्या नियमांत तशी स्पष्ट मुभा आहे.