अमेरिकेत आलेल्या आई-बाबांचा मुक्काम वाढवायचा असेल तर

आपल्या लोकांच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न कधी ना कधी येतोच: आई-बाबांचे सहा महिने संपत आलेत, मुक्काम वाढवता येतो का? लगेच कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "व्हिसा दहा वर्षांचा आहे ना, मग काळजी कसली!" हा सल्ला ऐकून राहिलेल्या माणसाचा व्हिसा हातचा जाऊ शकतो. त्यामुळे सुरुवात तारखेपासून करू.

आधी आय-९४ बघा

व्हिसा हा विमानतळापर्यंत येण्यासाठी असतो. किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. विमानाने येणाऱ्यांना कागदी कार्ड देणं २०१३ पासून बंद झालंय. आता ही नोंद सीबीपीच्या (सीमेवर तपासणी करणाऱ्या खात्याच्या) संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर टाकून काढायची. आपल्याकडच्या बऱ्याच पासपोर्टांत 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. पासपोर्टात जसं आहे तसंच पूर्ण भरा, नाहीतर नोंद सापडत नाही आणि घरात उगाच घबराट होते. आईची आणि बाबांची नोंद वेगवेगळी काढा. एकाच रांगेतून आले म्हणून तारीख एकच असेल असं धरून चालू नका. तारीख चुकीची वाटली तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात दुरुस्ती होते.

ही तारीख उलटली आणि अर्ज केलेला नसला तर एका दिवसानेही तो व्हिसा रद्दबातल होतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून परत गेलं तर तीन वर्षं, आणि वर्षभर किंवा जास्त राहिलं तर दहा वर्षं पुन्हा प्रवेश नाही.

मावशी-काका ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर एस्टा (व्हिसाशिवाय येण्याची ऑनलाइन परवानगी) काढून आले असतील तर पुढचं वाचायची गरज नाही. त्यांना ९० दिवस मिळतात आणि ते वाढत नाहीत. परतीचं तिकीट बघा.

"दोन दिवस कॅनडात जाऊन या, नवे सहा महिने मिळतात" हा दुसरा लाडका सल्ला. कॅनडा किंवा मेक्सिकोतून थोडक्या दिवसांत परतलेल्या माणसाला अधिकारी जुन्याच आय-९४ वर आत घेऊ शकतो. त्यातून अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर गेलं की तो सोडून दिल्यासारखा धरला जाऊ शकतो. या भानगडीत पडू नका.

अर्ज आणि वेळ

मुदतवाढीचा फॉर्म आय-५३९, यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे, शक्यतो ऑनलाइन. १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन फी ४२० डॉलर आणि कागदी अर्जाची ४७० डॉलर ठरली. भरायच्या दिवशी त्यांच्या फीच्या पानावर पुन्हा बघा. जोडीदाराला आय-५३९ए वर त्याच अर्जात घेता येतं. मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा असं यूएससीआयएस सांगतं. मी साधारण दोन महिने आधी करते. त्याहून फार घाई नको. विमानतळावर "सहा महिने" सांगून पंधरवड्यात मुदतवाढ मागितली, तर मुळात जास्त राहायच्या बेतानेच आलात का, हा प्रश्न उभा राहतो.

एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने मिळतात. मिळतात म्हणून मागू नका. नऊ आठवड्यांचं काम असेल तर नऊ-दहा आठवडेच मागा.

पत्र: सगळा अर्ज इथे अडतो

फॉर्म तासाभरात भरून होतो. सोबतच्या पत्रावर मी पहिल्यांदा कित्येक संध्याकाळी घालवल्या, कारण त्यात काय हवं हे कोणी धड सांगत नव्हतं. खरं तर ते फॉर्मच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे, तीन गोष्टी: मुदतवाढ कशासाठी हवी, हा मुक्काम तात्पुरताच आहे हे कशावरून आणि परत जायची काय सोय केली आहे, आणि जास्त राहिल्याने मायदेशातल्या नोकरीवर किंवा राहण्यावर काय परिणाम होईल.

ग्रुपवर फिरणारं तयार पत्र वापरू नका. त्यात नायगारा आणि ग्रँड कॅन्यन बघायचं राहिलंय असं असतं. सहा महिने राहून नायगारा राहिला कसा, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. पत्रात खरं कारण लिहा, आणि तारखांसकट लिहा. "बाबांची तब्येत ठीक नाही" याला काही वजन नाही. "बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन ३ जूनला झालं, डॉक्टरांनी बारा आठवडे लांबचा विमानप्रवास करू नका म्हणून सांगितलं आहे, शेवटची तपासणी २८ ऑगस्टला आहे आणि ५ सप्टेंबरचं मुंबईचं तिकीट काढलं आहे" याला आहे. सोबत डॉक्टरांचं पत्र, तिकीट आणि उपचारांचा खर्च कोण करतंय याचा पुरावा. असं पत्र एका पानात मावतं. एका पानाहून मोठं झालं तर कापा.

आता नाजूक गोष्ट. लेकीचं बाळंतपण अवघड गेलं, तिला उठता-बसता येत नाही म्हणून आईला थांबायचंय, हे प्रामाणिक कारण आहे. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लिहा. पण लेक-जावई दोघं कामावर रुजू झालेत, पाळणाघर महाग पडतं म्हणून आजीला ठेवून घ्यायचंय, हे खरं कारण असेल तर मी अर्जाला मदत करत नाही. पर्यटक म्हणून आलेल्या बाईला रोजची दाई करणं अधिकाऱ्याच्या नजरेत काम ठरू शकतं, आणि दुसरंच कारण रचून लिहिणं हे सरकारी अर्जात खोटं बोलणं आहे. त्याची किंमत आईला पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या वेळी मोजावी लागेल. शिवाय सत्तरीच्या बाईला दिवसभर रांगत्या बाळामागे धावायचंय का, हे तिला एकटीला बसवून विचारा.

तिसरा मुद्दा बहुतेक जण गाळतात. "दोघं रिटायर आहेत, नोकरीवर परिणाम काय लिहायचा?" तेच लिहा. दोघं निवृत्त आहेत, पेन्शन अमुक बँकेत जमा होते, साताऱ्यातलं घर त्यांच्या नावावर आहे, किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, धाकटा मुलगा पुण्यात असतो. परत जायला घर आहे आणि माणसं आहेत, एवढं दिसायला हवं. घरपट्टीची पावती, सोसायटीचं बिल, पेन्शनचं पासबुक, शेती असेल तर सातबारा लावा. मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. खाली भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे असं लिहून सही करायची. नोटरी लागत नाही. सातबाऱ्याचं भाषांतर करताना गट नंबर, क्षेत्र, इतर हक्क, पिकाची नोंद, सगळं उतरवा. फक्त मालकाचं नाव उचलून चालत नाही.

पत्र आई-बाबांच्या तोंडचं असतं, तुमच्या नव्हे. फॉर्म तुम्ही भरला असेल तर प्रिपेअररच्या भागात तुमचं नाव येतं, आणि इंग्रजी न येणाऱ्या आईला मराठीत वाचून दाखवला असेल तर इंटरप्रिटरचा भागही भरावा लागतो. खरोखर वाचून दाखवा. ग्रीन कार्डासाठी कोणी अर्ज केलाय का, इथे काम केलंय का, या प्रश्नांची उत्तरं त्यांनी स्वतः दिली पाहिजेत.

पैशांसाठी तुमचं पगाराचं पत्र, बँकेचे अलीकडचे स्टेटमेंट आणि हवा तर खर्चाची हमी देणारा फॉर्म आय-१३४. पासपोर्ट आणि आय-९४ च्या प्रती. बस.

अर्ज गेल्यावर

पावती येते, ती छापून ठेवा. बोटांचे ठसे द्यायला बोलावलं तर जा. जादा कागद मागितले तर दिलेल्या मुदतीत पाठवा. मुक्काम लेकीकडून मुलाकडे हलला तर दहा दिवसांत पत्ता कळवा.

अर्ज वेळेत केलेला असेल तर निर्णय येईपर्यंत राहता येतं. निर्णयाला कित्येक महिने लागू शकतात, आणि पुष्कळदा आई-बाबा घरी पोचल्यावर तो येतो. म्हणून मागितलेल्या तारखेच्या आत निघा, उत्तर आलेलं असो वा नसो. आय-९४ ची तारीख उलटल्यावर नकार आला तर मिळेल त्या विमानाने परत पाठवा, कारण दुसऱ्या दिवसापासून बेकायदा दिवस मोजले जातात. तो व्हिसाही गेला, नवा काढावा लागेल.

बाकीची कामंही आधीच करा. प्रवास विमा चालू असतानाच वाढवा, संपल्यावर सहसा वाढत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या किती उरल्यात ते पाकिटं मोजून बघा. "आहेत अजून" यावर विसंबू नका, इथे डॉक्टरला दाखवल्याशिवाय त्या मिळत नाहीत. मुक्काम नोव्हेंबरात जात असेल तर पेन्शनचा हयातीचा दाखला भारतीय वकिलातीतून करून घेता येतो, त्याची वेळ घेऊन ठेवा.

निघताना बोर्डिंग पास जपून ठेवायला सांगा. अमेरिका बाहेर पडताना शिक्का मारत नाही, त्यामुळे वेळेत गेल्याचा पुरावा म्हणून तो कामी येतो. पुन्हा यायचं झालं तर किती महिन्यांनी यावं असा लेखी नियम नाही, पण जितके महिने राहिले तितके तरी घरी काढावेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वेळी पावती, मंजुरीचं पत्र आणि जुना बोर्डिंग पास हातातल्या पिशवीत असू द्या, बॅगेत नको. मागच्या वेळी किती महिने राहिलात आणि का, हे विमानतळावर विचारतात. आई-बाबांनी दोघांनी त्याचं खरं आणि एकच उत्तर द्यायचं आहे, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोनवर दोघांशी ते एकदा बोलून घ्या.