पाचोळा जाळू नका, त्यात भाजी लावा

आमच्या सोसायटीत जानेवारी-फेब्रुवारीत पानगळ सुरू झाली की झाडलेला पाचोळा पोत्यात भरून गेटबाहेर ठेवायचे आणि कुणीतरी तो कोपऱ्यावर पेटवून द्यायचं, सगळा धूर घरात. आता ती पोती मी गच्चीवर आणते. गेली सात वर्षं माझी भाजी त्याच पाचोळ्यात उगवतेय, म्हणून कुणी विचारलं की बाग नीट येत नाही काय करू, तर मी सांगते नर्सरीत नंतर जा, आधी पाचोळा गोळा करा.

कारण कुंडीतली माती जमिनीतल्या मातीसारखी वागत नाही हो. नर्सरीतून आणलेली लाल माती तीन-चार महिने पाणी खाऊन घट्ट बसते, वर पाणी साचतं आणि खाली मुळांना हवाच नाही, मग पानं पिवळी पडतात आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, की अजून पाणी. शिवाय वजन बघा. ओली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते, म्हणजे 20 लिटरची एक बादली 30 किलोच्या पुढे गेली, अशा तीस-चाळीस बादल्या स्लॅबवर ठेवायच्या म्हणजे स्लॅबचा विचार करायलाच हवा. पाचोळ्याची बादली मी एकटी उचलून सरकवते.

भरायची कशी ते सांगते. रंगाची रिकामी 20 लिटरची बादली स्वच्छ धुवून घ्या, भोकं अगदी तळाला न पाडता तळापासून एक इंच वर चारी बाजूंनी पाडा, म्हणजे खाली थोडं पाणी राहतं आणि जास्तीचं निघून जातं. तळाला नारळाच्या शेंड्या किंवा रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं, फक्त चिपाडं आधी पाण्यातून काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवा नाहीतर गोडाला मुंग्या लागतात. त्यावर पाचोळा, आणि तो नुसता टाकू नका, दाबून दाबून भरा, दर चार बोटांच्या थरावर मूठभर शेणखत आणि थोडं आंबट ताक घातलेलं पाणी शिंपडा. सगळ्यात वर चार बोटं माती आणि कंपोस्ट निम्मं-निम्मं, रोप त्यात लावायचं. महिना-दीड महिन्यात बादली निम्म्यापर्यंत खाली बसते, घाबरू नका, खालचं कुजतंय म्हणून बसतंय, बाजूने परत पाचोळा भरत राहायचा. गुलमोहर, रेनट्री, सोनमोहर यांची बारीक पानं लवकर कुजतात, आंबा-फणसाची जाड पानं वेळ घेतात, ती पायाखाली चुरून घ्या. बादल्या विटांवर ठेवा, स्लॅबला पाणी लागून राहायला नको.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी, मी पंधरा दिवसांनी एकदा देते. नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर यांनी एकरासाठी सांगितलेलं प्रमाण 200 लिटर पाण्याला आहे, ते घरासाठी छोटं केलं की 10 लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि जिथे कधी औषध फवारलेलं नाही अशा झाडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, वर गोणपाट, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, दोन-तीन दिवसांत तयार, आणि आठवड्याच्या आत संपवायचं. देताना मी एकाला दहा पाणी घालते.

घरातला ओला कचरा पण ह्या पाचोळ्याच्या बादल्यांतच जिरतो, फक्त एक वाटी ओलं तर दोन वाट्या सुका पाचोळा हे सोडू नका. वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, मुंग्या आल्या म्हणजे कोरडं पडलं. जाड करड्या अळ्या दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, त्या कचरा खातात, झाडाला काही करत नाहीत, राहू द्या.

आता ऊन. कुठली भाजी लावायची हे ठरवायच्या आधी आपल्या गॅलरीत ऊन कुठल्या महिन्यात किती वेळ येतं ते बघा. दक्षिणेच्या गॅलरीत थंडीत भरपूर ऊन येतं कारण सूर्य तेव्हा दक्षिणेकडे कललेला असतो, आणि मेच्या मध्यात पुण्यात तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर जुलै अखेरपर्यंत चक्क उत्तरेकडून जातो, त्यामुळे तेव्हा हीच गॅलरी सावलीत जाते. माझ्या मैत्रिणीने मे महिन्यात तिथे टोमॅटो लावले आणि नुसती उंच वाढ झाली, फळ नाही, तेच दसऱ्यानंतर लावले तर छान आले. ऊन चार तासांपेक्षा कमी असेल तर अळू, पुदिना, गवती चहा लावा, वांगी-मिरचीचा हट्ट नको.

वेलांचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच कंटाळून वेल उपटतात. फुलं खूप येतात, छोटा दुधी दिसतो, चार दिवसांत पिवळा पडून गळतो. रोग वगैरे काही नसतो बहुतेक वेळा, परागीकरणच झालेलं नसतं, चौथ्या-पाचव्या मजल्यावर मधमाश्या कमीच येतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नर फुलाला नुसता बारीक देठ. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवायचा, झालं. पण वेळ चुकवू नका! लाल भोपळा, काकडी, घोसाळं सकाळी फुलतात, दुधी आणि दोडका संध्याकाळी. दुधीला सकाळी जाऊन बघाल तर फूल मिटलेलं असणार. मी दिवेलागणीला मोबाईलचा टॉर्च घेऊन वर जाते, दुधीची ती पांढरी फुलं अंधारात काय सुंदर दिसतात, त्या वेळेची मी दिवसभर वाट बघते खरंच. सुरुवातीचे आठ-दहा दिवस नुसती नर फुलंच येतात, तेवढा धीर धरा.

मावा किंवा जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण दिसला की आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारा, उन्हात फवारलं तर पानं करपतात.

आणि बी राखा. त्यासाठी गावरान बी लावा, हायब्रीडच्या पाकिटातलं बी पुढच्या वर्षी तसंच फळ देत नाही. वेलावरचा एखादा चांगला, सरळ दोडका खायला न तोडता तसाच ठेवायचा, तो वाळून तपकिरी होतो आणि हलवला की आत बिया खुळखुळतात, तेव्हा काढायचा. बिया राखेत घोळून कागदाच्या पुडीत ठेवते मी, वर महिना लिहून. एका दोडक्यात एवढ्या बिया निघतात की आमच्या जिन्यातल्या सगळ्या घरांना पुरतात, जूनचा पहिला पाऊस पडला की मी पुड्या वाटायला निघते.