प्रेसनोट खालून कापली जाते

‘आपल्या लोकप्रिय दैनिकात कृपया प्रसिद्धी द्यावी, ही नम्र विनंती.’

हे वाक्य दिवसभरात किती वेळा येतं, हे मोजायला मी एकदा सुरुवात केली होती आणि दुपारच्या चहापर्यंत नाद सोडला. तेव्हा रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता शिकून बाहेर पडून मी पुण्यातल्या एका मराठी दैनिकात प्रशिक्षणार्थी उपसंपादक म्हणून चिकटले होते. नव्या माणसाला पहिलं काम मिळतं ते प्रेसनोटा, म्हणजे संस्था-कंपन्यांनी छापण्यासाठी पाठवलेली पत्रकं, पानात लावण्याचं. एका पत्रावर तर आमच्या दैनिकाऐवजी प्रतिस्पर्ध्याचं नाव होतं. अर्थात, तेही लोकप्रियच होतं.

दोन वर्षांनी मी टेबलाच्या पलीकडे गेले. कर्वे रस्त्यावरच्या एका छोट्या जनसंपर्क संस्थेत प्रेसनोटा लिहायला लागले, ते आजपर्यंत. या कामात येऊ पाहणारी मुलं-मुली भेटली की विचारतात, ‘‘ताई, प्रेसनोट लिहायची कशी?’’ मी आधी विचारते, ती कापतात कशी ते पाहिलंय का?

मी पाहिलंय. रात्री साडेआठ-नऊला शहराचं पान लागत असतं. तेवढ्यात जाहिरात विभागातून उशिरा आलेली एक जाहिरात येऊन बसते आणि बातमीची जागा निम्मी होते. आमच्या वरिष्ठ उपसंपादकबाई अशा वेळी नोट पुन्हा वाचत बसत नसत. खालून परिच्छेद उडवत वर यायच्या आणि जागेत बसली की थांबायच्या. यात दुष्टावा काही नव्हता, त्यांना नऊ बातम्या अजून लावायच्या असायच्या. वर्गात ‘उलटा पिरॅमिड’ शिकवतात, महत्त्वाचं वर आणि बिनमहत्त्वाचं खाली, तो का ते मला त्या खुर्चीत कळलं.

एक नोट अजून आठवते. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देणाऱ्या संस्थेची. सुरुवात अशी : ‘विद्येचे माहेरघर असलेल्या पुण्यनगरीत संस्थेचा स्नेहमेळावा मान्यवरांच्या उपस्थितीत मोठ्या उत्साहात संपन्न झाला.’ मग दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं भाषण, ‘यावेळी उपस्थित होते’ म्हणून चौदा नावं, सूत्रसंचालन, आभार. आणि सगळ्यात शेवटी, जणू जाता जाता, एक ओळ : यंदा लेखनिक कमी पडत आहेत, इच्छुकांनी नावं नोंदवावीत.

बातमी ती एकच ओळ होती, आणि खालून कापणाऱ्याच्या हाताखाली पहिली तीच येणार होती. योगायोगानं ती नोट माझ्याकडे आली म्हणून वाचली. मी ती उलटी केली : ‘दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या अंध विद्यार्थ्यांसाठी ४० लेखनिकांची गरज आहे. नववीतल्या विद्यार्थ्यांना शनिवारपर्यंत (ता. १४) नाव नोंदवता येईल.’ मेळावा तिसऱ्या परिच्छेदात गेला आणि पान लागताना उडालाही. संस्थेच्या अध्यक्षांचा दुसऱ्या दिवशी फोन आला, पाहुण्यांचं नाव का नाही म्हणून. लेखनिक किती मिळाले, हे काही ते बोलले नाहीत.

कंसातल्या तारखेकडे लक्ष गेलं का? ‘येत्या शनिवारी’ असं कधीही लिहू नका. नोट चार दिवस पडून राहिली आणि मग छापली गेली, की तो शनिवार भलताच होतो. ‘उद्या’ आणि ‘आज’ तर त्याहून घातक.

शब्दांचंही थोडं. ‘संपन्न’ झाला की जुन्या पठडीतला उपसंपादक हमखास पेन उचलतो. घराणी संपन्न असतात, कार्यक्रम नुसता होतो. ‘मा.’, ‘श्री.’, ‘आदरणीय’ हे सगळं डेस्कवर, म्हणजे उपसंपादकांच्या टेबलावर, उडतं, तुम्हीच आधी उडवा. नावाबरोबर हुद्दा आणि संस्था द्या, पण उपस्थितांची नावं तीनच ठेवा. क्लायंट चौदाच नावांचा आग्रह धरणार. मी त्यांना सांगते की तीन दिली तर कोणती छापायची ते तुम्ही ठरवाल, चौदा दिली तर डेस्क ठरवेल. हे बहुतेकांना पटतं. सरकारी पत्रकांतलं ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘याद्वारे सूचित करण्यात येते’ हे मात्र उचलू नका. जिल्हा माहिती कार्यालयाला ते शोभतं. निर्णय शासनाचा असला की पत्रक कसंही लिहिलेलं असो, बातमी होतेच. तुमच्यामागे ते वजन नाही.

मोठ्या कंपन्यांच्या नोटा इंग्रजीतून येतात आणि ‘मराठी करून द्या, अर्ध्या तासात’ असा निरोप असतो. अशा वेळी वाक्यांमागून वाक्यं मराठीत ओतली की ‘घोषणा करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे’ असलं काहीतरी हाती येतं. आनंद कंपनीला होतोय, वाचकाला त्याचं काय? मी मूळ नोटेतून आकडे, नावं, ठिकाण, तारीख एवढंच कागदावर काढते, इंग्रजी पान बंद करते आणि मग लिहिते. ‘अग्रगण्य’ हा शब्द मी शेवटचा कधी वापरला, आठवत नाही.

नोट वर्तमानपत्रात गेल्यावर तिचं काय होतं, हे बाहेरून कळत नाही. सगळ्यात साधं म्हणजे चार ओळींत ‘संक्षिप्त’मध्ये लागणं, किंवा ‘आजचे कार्यक्रम’ सदरात एक ओळ होणं. त्या सदरासाठी माहिती दोन दिवस आधी पोचवावी लागते आणि व्याख्यानाला माणसं आणायची असतील तर ती एक ओळ दोन कॉलमी बातमीपेक्षा उपयोगी ठरते. दुसरं म्हणजे मोट बांधली जाणं. ८ मार्चला वीस संस्थांच्या नोटा येतात आणि सगळ्यांची मिळून एकच बातमी होते, ‘महिला दिन शहरात विविध कार्यक्रमांनी साजरा’. तुमच्या वाट्याला अर्धं वाक्य. म्हणून मी माझ्या क्लायंटना ८ मार्च टाळायला सांगते. गणेशोत्सवाचे दहा दिवसही तसेच, मंडळांशिवाय कुणाला जागा नसते.

तिसरा प्रकार नव्यांच्या मनाला लागतो, पण खरं म्हणजे तोच उत्तम. बातमीदार तुमची नोट वाचतो, बाजूला ठेवतो आणि स्वतःची बातमी करतो. लेखनिकांच्या नोटेवरून एखादी बातमीदार एका अंध मुलीला जाऊन भेटेल, तिच्या आईशी बोलेल, परीक्षा मंडळाचे नियम पाहील. तुमच्या संस्थेचा उल्लेख शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एकदा. क्लायंट नाराज. पण ती बातमी लोक वाचतात, कापून ठेवतात. अशा वेळी बातमीदाराला ‘आमचं नाव वर का नाही’ असा फोन केलात, तर पुढच्या वेळी तो तुमचा फोन उचलणार नाही.

आणि चौथा : नोट जशीच्या तशी, स्वल्पविरामांसकट लागणं. वर कुठे ‘प्रतिनिधी’, कुठे ‘वृत्तसेवा’, कुठे ‘न्यूज नेटवर्क’. तुमचं नाव कुठेच नाही, आणि ते तसंच असायचं. वेबसाइटवर तर जागेचीही अडचण नाही. नोट पोचल्यावर पंधरा मिनिटांत अख्खी चढते. पीटीआयसारखी वृत्तसंस्था करारानं आलेली कंपन्यांची पत्रकं देते तेव्हा खाली स्पष्ट लिहिते की या मजकुराची संपादकीय जबाबदारी आमची नाही. सगळीकडे असं लिहिलेलं नसतं. वाचक ती बातमी म्हणूनच वाचतो.

या चौथ्या प्रकाराची पहिली दोन वर्षं मला फार नशा चढलेली होती. नोट शब्दशः लागली की वाटायचं, जिंकले. मग माझी जिरली ती अशी.

लेखनिकांचंच काम करणारी दुसरी एक नवी संस्था आमच्याकडे आली होती. त्यांनी दिलेल्या माहितीत होतं, ‘पुण्यातील असा पहिलाच उपक्रम’. मी ते मथळ्यात घेतलं, विचारलं काहीच नाही. तीन दैनिकांत जसंच्या तसं लागलं. सकाळी साडेसातला फोन. सदाशिव पेठेतून एक निवृत्त शिक्षिका. आवाज अगदी शांत. ‘‘बाई, पहिलाच म्हणजे कसा? आम्ही एकोणीस वर्षं हे करतोय. घरी या, वह्या दाखवते.’’ मी गेले. वह्या होत्या. प्रत्येक मुलाचं नाव, विषय, लेखनिकाचं नाव, शाईच्या पेनानं. त्यांनी मला पोहे दिले, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

दुपारी मी तिन्ही दैनिकांना खुलासा पाठवला. आमच्या संस्थेतल्या एका सहकाऱ्याचा सल्ला होता की गप्प बस, उद्या कोण लक्षात ठेवतंय. मला मात्र वर्गात शिकलेला आयव्ही ली आठवला, जनसंपर्काच्या धंद्यातला अगदी सुरुवातीचा माणूस. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेन्सिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. त्या काळी रेल्वे कंपन्या अपघात झाकायच्या. लीनं कंपनीच्या वतीनं निवेदन काढलं आणि बातमीदारांना अपघाताच्या जागी न्यायची सोय करायला लावली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ते निवेदन तसंच छापलं. पहिली प्रेसनोट म्हणून आजही सांगतात ती हीच. हाच ली पुढे कुणाकुणासाठी लिहीत राहिला तेही वाचा, म्हणजे त्याला देव्हाऱ्यात बसवणार नाही. पण कंपनीची चूक कंपनीनंच आधी सांगायची, ही रीत कामाची आहे. खुलासा एका दैनिकानं दोन ओळींत छापला, दोघांनी नाही. एका वेबसाइटवर ‘पहिलाच’ अजून आहे, शोधलं की सापडतो.

तेव्हापासून पहिला, सर्वांत मोठा, एकमेव, विक्रमी असं काही आलं की मी विचारते, कशावरून? उत्तर नसेल तर शब्द जातो. डेस्कवर पडताळायला कुणाला वेळ असतो? मी तिथे होते, मला माहीत आहे. तुम्ही लिहिलेला आकडा उद्या हजारो घरांत खरा म्हणून वाचला जाणार असतो, मधे कुणी नसतं.

आता किरकोळ गोष्टी भराभर. मजकूर युनिकोडमध्ये, साध्या वर्ड फाइलमध्ये किंवा थेट मेलमध्येच द्या. पीडीएफमधून मराठी उचलली की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, आणि जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर नुसती चित्रलिपी दिसते. फोटो वेगळा जोडा, वर्डमध्ये डकवू नका. ओळीत डावीकडून कोण कोण, तेही लिहा. फाइलला ‘फायनल फायनल २’ असं नाव देऊ नका. दुपारी चारच्या आत पाठवा. रविवारी सरकारी कचेऱ्या बंद, त्यामुळे सोमवारच्या अंकाला बातम्या कमी पडतात; हलक्याफुलक्या नोटेला ती जागा चांगली. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, लक्ष्मीपूजन यांच्या दुसऱ्या दिवशी मराठी दैनिकं निघत नाहीत, तेव्हा आदल्या दिवशीचा कार्यक्रम शिळा होऊनच छापला जातो. गांजवे चौकातल्या पत्रकार भवनात परिषद घ्यायची हौस प्रत्येक क्लायंटला असते. बातमीदारांनी प्रश्न विचारावेत असा विषय असेल तरच घ्या. नाहीतर रिकाम्या खुर्च्यांसमोर वाचून दाखवण्यापेक्षा नोट पाठवलेली पुरते. आणि नोटेखाली ज्याचा नंबर द्याल त्यानं रात्री दहापर्यंत फोन उचलावा. डेस्कवरून एकच प्रश्न येतो, ‘‘आडनावात ‘ळ’ की ‘ल’?’’, आणि उत्तर मिळालं नाही तर बातमी मागे पडते.

पैशाचं बोलायला सगळे लाजतात. नोट छापून यायला पैसे लागत नाहीत. पैसे दिले तर ती जाहिरात, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असायला हवं. २००९ च्या निवडणुकांनंतर ‘पेड न्यूज’वर इतकं रान उठलं की प्रेस कौन्सिलला २०१० मध्ये त्यावर अहवाल काढावा लागला. क्लायंट म्हणतो, ‘‘थोडं काही देऊन बघा ना.’’ मी जाहिरात विभागाचा नंबर देते. मग महिनाअखेरीला तोच क्लायंट कात्रणं पट्टीनं मोजतो, कॉलम सेंटीमीटरला जाहिरातीच्या दरानं गुणतो आणि ‘एवढ्या लाखांची प्रसिद्धी’ असा तक्ता मागतो. प्रसिद्धीचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी हा हिशेब निकालात काढला, तरी कर्वे रस्त्यावर तो अजून सुखानं नांदतोय. मीही तक्ता देते, खोटं कशाला बोलू. सोबत एक वेगळं पान जोडते : किती फोन आले, किती नावं नोंदली गेली. कधी कधी ते वाचलं जातं.

शिकायचंच असेल तर सोमवारी सकाळी एखाद्या वाचनालयात जा आणि चार मराठी दैनिकांची पुण्याची पानं शेजारी शेजारी पसरा. एकच बातमी चारही ठिकाणी शोधा. जी वाक्यं सगळीकडे तंतोतंत सारखी आहेत, ती नोट. एकाच ठिकाणी आहेत, ती बातमीदाराची. जी तिघांत आहेत आणि एकात नाहीत, ती त्या एकात बहुधा कापली गेली. मूळ नोटेत ती कुठे असतील, ते वहीत लिहून काढा. पट्टी आणि पेन्सिल न्या, पेन नको. वाचनालयातली माणसं रागावतात.