फुटल्या की फोडल्या? डॅमेज रिपोर्ट लिहायला लागलेल्या नवीन पोरांसाठी

भिवंडीला गोडाऊनमध्ये इनवर्डला, म्हणजे आलेला माल उतरवून घेण्याच्या कामाला लागलो तेव्हा माझं शिक्षण सगळं मराठी मीडियमचं, इंग्रजी वाचलं की कळायचं पण लिहायला बसलं की घाम फुटायचा. आणि काम नेमकं काय मिळालं, तर गाडी खाली झाली की डॅमेजचा मेल टाकायचा.

पहिल्याच महिन्यात टाइल्सची गाडी आली, बॉक्स उघडले तर १४ टाइल्स फुटलेल्या. मी बिनधास्त लिहिलं, ‘वी ब्रोक फोर्टीन टाइल्स’. माझ्या डोक्यात होतं, आमच्याकडे १४ फुटल्या. ट्रान्सपोर्टरने तोच मेल फॉरवर्ड करून विचारलं, तुम्हीच लिहून देताय की तुम्ही फोडल्या, मग आमच्याकडे क्लेम कशाला मागता? सुपरवायझर एवढंच म्हणाला, "अरे, फुटल्या आणि फोडल्या यात काही फरक आहे की नाही?"

गंमत अशी की मराठीत दोन क्रियापदं आहेत, इंग्रजीत दोन्हीला ब्रेकच. ‘द टाइल्स ब्रोक’ म्हणजे फुटल्या, ‘वी ब्रोक द टाइल्स’ म्हणजे आम्ही फोडल्या, म्हणजे वाक्यात पुढे कोण बसलंय त्यावर सगळं. ‘टाइल्स वर ब्रोकन’ लिहिलं तर आधीच फुटक्या होत्या की कोणी फोडल्या ते कळतच नाही. म्हणून मी आता ‘अराइव्ह्ड ब्रोकन’ लिहितो, आल्या त्याच फुटक्या, विषय संपला. अर्थात खरंच आपल्या हमालाच्या हातून पडलं असेल तर हे लिहू नका, फोटोत सगळं दिसतं.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे दोरी तुटते, काच फुटते, खुर्ची मोडते. इंग्रजीत तिघांनाही ब्रेक चालतं. पण कापड, कागद, खोक्याचा पुठ्ठा फाटला तर ब्रेक नाही, तिथे टेअर, आणि झालेलं असेल तर टोर्न. (स्पेलिंग डोळ्यातल्या पाण्याचंच, पण ते टिअर. कोणी ठरवलं देव जाणे.)

नुसतं ब्रोकन लिहिलं तरी क्लेमवाले परत विचारतातच, म्हणजे नक्की काय? तडा गेलाय पण तुकडा जागेवर आहे, तर क्रॅक्ड. कोपऱ्याचा टवका उडालाय, तर चिप्ड. एकदम फुटून बारीक तुकडे झालेत, तर शॅटर्ड. क्रॅक गेलेली टाइल कापून स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या तळाच्या पट्टीला तरी लागते, शॅटर झालेली फक्त झाडूने भरायची, म्हणून शब्दावर पैसे ठरतात. गाडीच्या काचा बघा, साइडची टफन्ड काच फुटली की दाणे दाणे होऊन सांडते, ते खरं शॅटर. पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिक, ती सहसा तडे जाऊनही जागेवर चिकटून राहते.

एकदा यूकेचा क्लायंट कॉलवर ‘आय ॲम शॅटर्ड’ म्हणाला. मला वाटलं याच्या घरी काहीतरी वाईट घडलं, मी हळू आवाजात सॉरी म्हणालो. तो फक्त दमला होता, तिकडे दमल्यालाही शॅटर्ड म्हणतात.

अजूनही मोठी गाडी असली की मी आधी वहीत मराठीतच लिहितो, किती फुटल्या, किती तडकल्या, किती आपण फोडल्या, आणि मगच मेल उघडतो.